खडखड एकाची, बदली दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात टिळकवाडीच्या एका गृहस्थांचे पत्र आले होते. खड्ड्यांनी गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) खाल्ले, ते बदलले तरी खडखड आहे तशीच, आता दाद मागायची कुणाकडे, असा त्यांचा सवाल होता. खड्ड्यांबद्दल मी काही भर घालत नाही, ते काम बाकीचे वाचक रोज करतात. पण 'बदलले तरी खडखड तशीच' हे वाचले आणि मी हातातला चहा खाली ठेवला. गेल्या पावसाळ्यात माझे अगदी हेच झाले होते. त्यात लाज अशी, की मी या कामातला माणूस.

गाडीच्या कामातला नाही म्हणा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात माझी ३१ वर्षे हायड्रॉलिक सिलिंडर जोडण्यात गेली. ट्यूब, पिस्टन, रॉड आणि तेल अडवणारे सील, यापलीकडे मी फारसे काही पाहिले नाही. शॉकअप हा त्याच घराण्यातला. फरक इतकाच की आमचा सिलिंडर जोर लावून टिपरचा हौदा उचलतो आणि शॉकअपने जोर अडवायचा असतो. हे सगळे ठाऊक असूनही मी फसलो, म्हणून लिहितो.

माझी गाडी चार मीटरच्या आतली सेडान, बेळगाव पासिंगची (के. ए. २२), तेव्हा ९२ हजार किलोमीटर झालेली. जांबोटीच्या पुढे आमची थोडी भातशेती आहे. त्यामुळे दर रविवारी पिरनवाडी, किणये, जांबोटी अशी चक्कर असते. जुलैत डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड सुरू झाली. मोठ्या खड्ड्यात नाही, बारीकसारीक खाचखळग्यांत, गाडी हळू चालली असताना. डब्यात सुटे नट टाकून हलवावेत तसा आवाज. गॅरेजमध्ये नेली. (कुठल्या ते विचारू नका, पोरगा भला आहे, त्याच्या पोटावर पाय नको.) त्याने गाडीला दोन धक्के दिले आणि म्हणाला, "काका, शॉकअप गेलंय की ओ." मी म्हणालो, बघ की नीट. तो म्हणाला, बघितलंय. माझाही रविवार बुडत होता. डावीकडचा स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, नवा बसवला, पैसे दिले, गाडी अनगोळपर्यंत आली आणि खडखड सुरू.

सुदैवाने मी एक शहाणपणा केला होता, जुना स्ट्रट मागून घेतला होता. घरी आल्यावर तो व्हाइसमध्ये धरला आणि रॉड खाली दाबला. दाबताना विरोध सारखा, कुठे पोकळ लागेना. वर ओढताना त्याहून जास्त विरोध, तो तसाच असायला हवा. मग अर्ध्यावर दाबून हात सोडला. रॉड आपला आपण हळूहळू पूर्ण वर आला. आत नायट्रोजन भरलेला असतो, त्याचा दाब शाबूत होता म्हणून तो वर आला. सील कोरडे. म्हणजे मी धडधाकट पाय कापून भंगारात काढला होता.

खरा गुन्हेगार दुसऱ्या दिवशी सापडला. तो होता लिंक रॉड. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते, वळणावर गाडी कलू नये म्हणून. तिची टोके स्ट्रटला दोन छोट्या दांड्यांनी अडकवलेली असतात, त्या दांडीच्या दोन्ही टोकांना बोटाएवढे बॉल जॉइंट. डावीकडच्या एका जॉइंटचे रबर फाटून त्यात पाणी आणि लाल माती गेली होती. दांडी हाताने धरून हलवली तर खटखट हातालाच लागत होती. स्ट्रटच्या दहाव्या हिश्श्यात काम झाले आणि गाडी गप्प.

टिळकवाडीच्या गृहस्थांनी आधी ती दांडी बघावी, एवढेच सांगून पत्र संपवता आले असते. पण संपादकसाहेब, उलट बाजूची गोष्ट, म्हणजे आवाज न करता निकामी झालेल्या शॉकअपची, याहून गंभीर आहे, म्हणून थोडी जागा मागतो.

आपल्याकडे सगळ्यालाच शॉकअप म्हणतात. मराठी, कन्नड, उर्दू, कुठल्याही भाषेतला मिस्त्री असू दे, शॉकअप, बुश आणि माउंटिंग या शब्दांवर आपला सीमाभाग एक आहे. पण पुढे असतो तो स्ट्रट आणि मागे असतो तो शॉकअप, या दोघांत फरक आहे. छोट्या सेडानला मागे बहुधा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. तिथला शॉकअप काढून ठेवला तरी चाक जागेवर राहते, गाडी फक्त उड्या मारेल. पुढे तसे नाही. पुढे स्प्रिंग, तिच्या पोटात शॉकअप, वर रबराचे माउंटिंग आणि बेअरिंग, असा एकच उभा खांब असतो. खाली तो दोन जाड बोल्टांनी नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, घट्ट बसवलेला असतो, वर बॉनेटच्या आत बॉडीला. चाकाला खालून लोअर आर्म नावाचा आडवा हात धरतो, वरून धरणारा दुसरा कुणीच नाही, हा खांबच धरतो. स्टीअरिंग फिरवले की चाकाबरोबर अख्खा खांब फिरतो, म्हणून वर बेअरिंग. खांब वाकला किंवा ढिला झाला तर चाकच तिरके होते. शॉकअपने फक्त उड्या थोपवायच्या, स्ट्रटने उड्या थोपवायच्या, वजन पेलायचे आणि चाकही सरळ धरायचे.

ही रचना मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये एका छोट्या गाडीसाठी तो हे बसवत होता. ती गाडी बारगळली, तो फोर्डमध्ये गेला आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांना हे स्ट्रट लागले. भाग कमी, जागा कमी, आडव्या इंजिनाला मोकळीक. आपल्या लहानपणीच्या अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. स्ट्रट आपल्या दारापर्यंत आणला तो १९८३ च्या मारुती ८०० ने. वडगावात पहिल्यांदा ती गाडी आली तेव्हा आम्ही पोरे तिचे बॉनेट वाकून बघायचो. कोपऱ्यात दोन गोल टोप्या दिसत, त्या कशाच्या हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते. ती माउंटिंगची टोके होती.

आता गप्प शॉकअपची गोष्ट. माझे थोरले मेहुणे खानापूरचे. त्यांचीही सेडान, माझ्याहून जास्त पळालेली. तिला कसलाही आवाज नव्हता. उलट ते चारचौघांत सांगत, "आमची गाडी पालखीसारखी चालते." खरेच तशी चालायची, डुलत डुलत. दसऱ्याला त्यांच्याबरोबर अनमोड रस्त्याने गेलो. पुढे म्हैस आली म्हणून त्यांनी ब्रेक मारला, तर गाडीने नाक असे खाली घातले की माझे कपाळ डॅशबोर्डला टेकायचे बाकी राहिले. थांबल्यावर गाडी पुन्हा वर, पुन्हा खाली, मग वर. मी खाली उतरून पुढच्या टायरवरून हात फिरवला. रबरात ठरावीक अंतराने खळगे, उतरंडीच्या गाडग्यांवर हात फिरवावा तसे. वाकून आत बघितले तर स्ट्रटची नळी अर्ध्यापर्यंत तेलाने ओली आणि त्यावर बोटभर धूळ चिकटलेली.

स्प्रिंगला थांबायचे कळत नाही. एकदा दाबली की ती वरखाली होत राहते. शॉकअपच्या आत पिस्टनला बारीक भोके आणि पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. पिस्टन हलला की तेलाला त्यातूनच वाट काढावी लागते, त्या घासाघाशीत उडीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. लांब खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपची नळी गरम लागते ती त्यामुळे. तेल गळले, गॅस गेला, तेलात हवा मिसळून फेस झाला, की भोकातून तेल सर्रकन जाते, अडवणूक संपते. मग चाक खड्ड्यातून वर आले की क्षणभर रस्ता सोडते. रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक कितीही लावा, ते गाडी थांबवू शकत नाही. आणि यात आवाज फारसा होत नाही. अगदीच झिजल्यावर आतून ठोका देतो, पण त्याच्या किती तरी आधी तो काम सोडून बसलेला असतो. म्हणून आवाज आला की शॉकअप बदला आणि नाही आला तर बदलू नका, हा आपल्याकडचा हिशेब मला दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो.

कुठला आवाज कुणाचा, हे मी नंतर एका जुन्या मिस्त्रीकडे दोन संध्याकाळी बसून शिकलो. हळू वेगात, बारीक खाचांवर खडखड असेल तर लिंक रॉड. गाडी उभी असताना स्टीअरिंग पूर्ण फिरवले की 'कट्ट' किंवा स्प्रिंग तणतणल्यासारखा आवाज आला तर वरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग. बॉनेट उघडून त्या टोपीवर तळहात ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी स्टीअरिंग फिरवायला सांगा, झटका हाताला लागतो. मात्र बोटे स्प्रिंगपासून दूर ठेवा. मोठ्या खड्ड्यात एकच दणका बसत असेल तर लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), बॉल जॉइंट, नाहीतर बंप स्टॉपर, म्हणजे शेवटचा दणका झेलणारा ठोकळा, चुरा झालेला. पुढचा मडगार्ड दाबून सोडायची जुनी परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली तर ठीक, झोपाळा झाला तर गेला. पण ही परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअपच पकडते, अर्धमेला सुटतो. त्यापेक्षा नजर बरी. सीलजवळ नुसता ओलसर हात पुसल्यासारखा थर असेल तर घाबरू नका, रॉडला तेलाचा पापुद्रा लागतोच, सीलला तो हवाच असतो. नळीवरून ओघळ खाली आला असेल तर मात्र तो संपला.

मी स्वतः आणखी एक करतो. घरासमोर सपाट शहाबादी फरशी आहे, तिथे गाडी लावून चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजतो, डावी आणि उजवी. फरक बोटभर दिसला की स्प्रिंगकडे बघायचे. स्प्रिंग तुटते ती बहुधा खालच्या वेटोळ्यात, जिथे चिखल साचतो आणि रंग उडून गंज धरतो. तुटलेले टोक टायरला लागले तर काय होईल ते सांगायला नको.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट गॅरेजवाल्यांना हात जोडून सांगायची आहे. रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, तो मायक्रॉनमध्ये मोजतात. वरचा नट सोडताना रॉड फिरू लागला की पोरे सर्रास पकडीने रॉड दाबून धरतात. आमच्याकडे नवीन पोराने रॉडला पकड लावली तर आमचे फोरमन त्याला दिवसभर झाडू मारायला लावत, आणि बरोबर करत. पकडीच्या दाताचा एक ओरखडा दर उडीला सीलमधून जातो, करवतीसारखा. नवा स्ट्रट महिन्यात गळू लागला की लोक कंपनीला शिव्या देतात. रॉडच्या टोकाला षटकोनी खाच किंवा चपटी बाजू असते, तिथे धरायला वेगळा पाना मिळतो.

तेच काम माती करते. रॉडवर रबरी डस्ट कव्हर असते. ते फाटले तर किणये-जांबोटी पट्ट्यातली लाल माती रॉडवर वाळते आणि सीलमध्ये ओढली जाते. देखभाल देखभाल म्हणतात ती स्ट्रटच्या बाबतीत एवढीच. तेल घालायचे नसते, ग्रीस लावायचे नसते. चिखलाच्या फेरीनंतर चाकाच्या आतल्या बाजूला पाण्याचा पाइप धरा. टायर आलटून पालटून घालायला चाके निघतात तेव्हा टॉर्च घेऊन स्वतः वाका आणि कव्हर, स्टॉपर, लिंक रॉडची रबरे आणि स्प्रिंगचे खालचे टोक बघा. पाच मिनिटांचे काम. इतक्या हजार किलोमीटरला बदलाच, असा आकडा मी सांगणार नाही. हुबळी-पुणे हायवेवरची गाडी आणि आमच्या शेताकडे जाणारी गाडी एका आकड्यात बसत नाहीत.

बदलायची वेळ आलीच तर काही गोष्टींवर अडून बसा. पुढचे दोन्ही एकदम बदला. माझ्या गाडीला त्याने एकच बसवला, ही त्याची दुसरी चूक आणि मी बसवू दिला ही माझी पहिली. नवा कडक, जुना मऊ, ब्रेक मारताना गाडी एका अंगाला कलल्यासारखी वाटते. माउंटिंग, बेअरिंग, स्टॉपर आणि कव्हर त्याच वेळी नवे घाला, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा. खालचे दोन बोल्ट सोडण्याआधी खडूने खूण करून घ्या आणि काम झाल्यावर अलाइनमेंट कराच, कारण चाकाचा कल त्याच बोल्टांवर ठरतो. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर स्ट्रटला अडकवलेली असते, ती लोंबकळत ठेवू देऊ नका.

आणि रॉडच्या टोकाचा तो वरचा नट. दाबलेली स्प्रिंग त्याच्याच जोरावर अडकून असते. स्प्रिंग दाबायच्या शिकंज्यात नीट धरल्याशिवाय तो सोडायचा नाही. खानापूर रोडला मी एका पोराला स्प्रिंग सुतळी दोरीने बांधून तो नट सोडताना बघितले आहे. तिथून उठून मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी दोरी टिकली.

जुना शॉकअप भोक पाडून, तेल भरून, वेल्ड करून 'रिकंडिशन' करून देतात, तेही घेऊ नका. आत कुठले तेल आणि किती भरले ते त्यालाच ठाऊक, गॅस तर भोक पाडतानाच गेला. वेल्डिंगच्या आचेने सीलचे काय झाले तेही बघायला नको. मागच्या एखाद्या शॉकअपला हा उद्योग केला तर फार तर पैसे जातील. पुढच्या स्ट्रटवर चाक उभे असते.

गाडी उंच व्हावी म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी ठोकळे घालायची टूम आहे. हंप जास्त झाल्यामुळे लोक असे करतात, ते मला कळते. हंपासाठी इंडियन रोड काँग्रेसचे माप आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. आपल्या गल्ल्यांत रुंदी त्याच्या पाव आणि उंची तेवढीच असेल तर तो हंप कसला, बांध झाला. तरी ठोकळा हा त्यावरचा इलाज नाही. तो जेवढी वेटोळी जाम करतो तेवढा भार बाकीच्या वेटोळ्यांवर पडतो आणि स्प्रिंग तिथून जाते. सौंदत्तीच्या डोंगराला पाच जणांच्या गाडीत आठ जण आणि वर परडी-नारळाची पोती नेणे थांबवले तर गाडी आपोआप दोन बोटे वर राहील. हे घरात बोललो तेव्हा उत्तर मिळाले, "यल्लम्माला जाताना कुणाला उतरवणार?" त्यावर मलाही उत्तर सुचले नाही.

माझ्या गाडीचे पुढे काय झाले तेही सांगतो. जुना स्ट्रट निर्दोष ठरल्यावर मला चैन पडेना. त्या मिस्त्रीकडून तो परत जागेवर बसवून घेतला, पुन्हा अलाइनमेंट केली. नवा स्ट्रट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर उभा ठेवला आहे, जोडीला दुसरा आणेन तेव्हा दोन्ही एकदम बसवीन. एकाच कामाची मजुरी दोनदा दिली म्हणून सौभाग्यवती अजून पाहुण्यांना सांगत असते. सांगू दे.

मेहुण्यांच्या गाडीला दिवाळीच्या आधी पुढचे दोन्ही स्ट्रट, माउंटिंगसकट, आणि दोन टायर टाकले. परवा फोन आला. म्हणाले, "भावजी, तुमचं ऐकून टाकलं खरं, पण गाडी कडक झाली ओ. आधीसारखी पालखी राहिली नाही."

आपला,
एक निवृत्त फिटर
अनगोळ, बेळगाव